तर्तुलियनच्या तोंडी घातलेलं वाक्य

‘“हे असंबद्ध आहे, म्हणूनच माझा विश्वास आहे,” असं ख्रिस्ती पंडित तर्तुलियनच सांगून गेला. तेव्हा ख्रिस्ती मताची तर्काने बाजू मांडणारी त्यांची पुस्तकं वाचू नका. ते आपलंच घोडं दामटतात, आणि मराठीत तर सगळी इंग्रजीची उसनवारी.’ हा मजकूर ग्रुपांवर फिरत फिरत पुन्हा आला, म्हणून लिहितो.

आधी ते वाक्य. कार्थेजच्या तर्तुलियनने ते तसं लिहिलेलंच नाही. देवाला जन्ममरण शोभत नाही म्हणून ख्रिस्ताचा देह खरा नव्हेच, असं मार्शियन या वेगळ्या पंथाच्या गुरूचं मत होतं. त्याला उत्तर देताना तर्तुलियनने लिहिलं, की देवपुत्र मेला हे विश्वासार्ह, कारण ते विसंगत आहे. तो मेलेल्यांतून उठला हे निश्चित, कारण ते अशक्य आहे. वाक्य खोचक आहे, कबूल. पण इतकी न पटणारी गोष्ट कोण रचून सांगेल, असा ॲरिस्टॉटलच्या वळणाचा युक्तिवाद काही अभ्यासकांना त्यात दिसतो. शिवाय याच माणसाचं इ.स. १९७ च्या सुमाराचं, ख्रिस्ती लोकांचा बचाव करणारं ‘अपोलोजेटिकस’ वाचा. ख्रिस्ती लोकांना शोधू नका, पण समोर आणले गेले तर शिक्षा करा, असा रोमन सम्राट ट्राजनचा हुकूम होता. तर्तुलियन विचारतो: निर्दोष म्हणून शोधायचं नाही, मग दोषी म्हणून शिक्षा कशी? वकिली डोकं आहे हे!

आपलंच घोडं? ख्रिस्ती मताची झोडपणी करणाऱ्या सेल्ससचा ग्रंथ आज हरवला आहे. तो आपल्याला कळतो तो ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने आठ भागांत त्याला उत्तर देताना दिलेल्या उताऱ्यांतून. मध्ययुगातला ख्रिस्ती पंडित थॉमस अक्वायनस तर आधी पूर्वपक्षच, म्हणजे विरोधकाचं म्हणणंच, मांडतो. देव आहे का, या प्रश्नात त्याचा पहिला आक्षेप आहे जगातल्या दुष्टाव्याचा.

राहिली उसनवारी. हिंदूचे ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र मतं कशी बदलत गेली हे सांगतं, आणि ते मराठी माणसाचं आहे. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज खरा, पण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेलं त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ अस्सल ओवीत आहे. मराठी भाषा दिनी त्यातली मराठीच्या कौतुकाची ओवी, ‘हरळांमाजि रत्नकिळा’, याच ग्रुपांवर फिरते. त्याच पुराणात पुढे श्रोता पाद्रीला प्रश्न विचारतो आणि पाद्री उत्तरं देत बसतो. त्या ओव्या मात्र मला अजून कोणी पाठवलेल्या नाहीत.