प्लॅनेटेस: जिथे संथ आहे तिथेच भारी आहे

प्लॅनेटेस कुणाला सुचवली की समोरून ठरलेलं वाक्य येतं, "फार स्लो आहे गं, दोन-तीन एपिसोड बघून सोडून दिली." आणि त्यावर फॅन लोकांचं उत्तरही ठरलेलं, "अरे पहिला अर्धा भाग कसाबसा काढ, पुढे जाम पिकअप घेते." मला ही दोन्ही मतं पटत नाहीत, दुसरं तर अजिबातच नाही. माझ्या मते ही सिरीज जेवढी संथ तेवढी भारी आहे, आणि जिथे जिथे तिला स्वतःच्याच संथपणाची भीती वाटलीये तिथे तिथे ती घसरलीये. जरा सविस्तर लिहिते. शेवटाबद्दलही बोलणार आहे, त्यामुळे बघायची बाकी असेल तर आधी बघून या, स्पॉयलर भरपूर आहेत.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २००३-०४ ची २६ एपिसोडची जपानी ॲनिमे सिरीज, सनराइज स्टुडिओची, दिग्दर्शक गोरो तानिगुची. मूळ मांगा (जपानी कॉमिक) माकोतो युकिमुराची, म्हणजे ज्याने नंतर व्हिनलँड सागा केली तोच. काळ २०७५. पृथ्वीभोवती फिरणारा कचरा, जुने सॅटेलाइट, रॉकेटचे तुकडे, सुटलेले नटबोल्ट, हे सगळं गोळा करणारी माणसं इथे मुख्य पात्रं आहेत. टेक्नोरा नावाच्या बड्या कंपनीत त्यांचा एक डेब्री सेक्शन आहे, माणसं कमी, बजेट कमी, जहाज जुनाट, आणि बाकीची कंपनी त्यांना हिशोबातच धरत नाही. एलियन नाहीत, लेझरच्या मारामाऱ्या नाहीत. शिफ्ट आहे, फॉर्म आहेत, वरिष्ठांची बोलणी आहेत, इन्शुरन्स आहे, आणि नवीन जॉइन झालेल्या मुलीला, तानाबेला, आल्या आल्या मृत्युपत्र लिहून द्यावं लागतं.

आता संथपणाचं. सुरुवातीलाच २०६८ मधला एक अपघात दाखवलाय, एका प्रवासी यानावर एक साधा स्क्रू येऊन आदळतो आणि माणसं जातात. यात अतिशयोक्ती नाही बरं का. खालच्या कक्षेत वस्तू सेकंदाला साधारण साडेसात-आठ किलोमीटर वेगाने फिरत असतात आणि वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, त्यामुळे तिथे स्क्रूसुद्धा बंदुकीच्या गोळीपेक्षा कितीतरी घातक. पण मला खरी गंमत वाटते ती तो स्क्रू पकडण्याच्या कामाची. तुकडा पुढे दिसतोय म्हणून इंजिन पेटवून सरळ त्याच्या मागे लागलात तर तुमची कक्षा उंचावते आणि तुम्ही उलट मागे पडता. म्हणून आधी थोडं खाली उतरायचं, तिथून अंतर कापायचं, मग सावकाश वर येऊन त्याच्या वेगाशी वेग जुळवायचा, आणि मग कुठे हात लावायचा. हे काम घाईत होतच नाही. आणि सिरीज बघताना तो सावकाशपणा अंगात भिनतो, डेब्री सेक्शनमधला हाचिमाकी बाहेर गेलाय, आजूबाजूला आवाज नाही कारण हवाच नाही, ऐकू येतो तो फक्त हेल्मेटमधला श्वास आणि रेडिओवरचं बोलणं. तो टाइम काढून टाकला तर उरतं काय?

त्याच सेक्शनमधल्या युरीचा एपिसोड घ्या, दहावा. हा माणूस नऊ एपिसोड मागे बसलेला असतो. शांत, सगळ्यांशी नीट बोलणारा, कधी कुणाशी वाद नाही, जवळजवळ विसरायलाच होतं तो आहे ते. मग कळतं की २०६८ च्या त्या यानात त्याची बायको होती, आणि हा इतकी वर्षं रोज कचरा उचलतोय तो तिचं होकायंत्र शोधण्यासाठी. एवढ्या प्रचंड आकाशात एक छोटं होकायंत्र! आणि ते सापडतं तेव्हा त्यावर तिने त्याच्यासाठी लिहिलेली एक ओळ असते. मी हा सीन परत बघताना लक्ष देऊन बघितलं की रडवण्यासाठी नक्की केलंय काय, तर विशेष काहीच नाही, सगळं काम आधीच्या नऊ एपिसोडनी करून ठेवलंय. आपल्याला तो माणूस कलीगसारखा माहीत झालेला असतो, रोज दिसणारा आणि कधी नीट न विचारलेला. दुसऱ्या-तिसऱ्या एपिसोडमध्येच फ्लॅशबॅक टाकून त्याची स्टोरी सांगून टाकली असती तर ती नुसती एक दुःखद स्टोरी झाली असती.

अकरावा त्याहून वरचढ. एल तानिका नावाच्या (काल्पनिक) गरीब देशातून तेमारा म्हणून एक माणूस स्वतःच्या देशात बनवलेला स्पेससूट घेऊन येतो, मोठ्या कंपनीने तो टेस्ट करून पास करावा एवढंच मागणं. दारोदार फिरतो, कुणी धड बघतही नाही. शेवटी टेस्ट सुरू होते आणि नेमकं तेव्हाच त्याच्या देशात युद्ध पेटतं, वरून ऑर्डर येते की टेस्ट थांबवा. सूट उत्तम चालतोय, एकेक चाचणी पास होतेय, आणि खाली देश जळतोय. अर्धा एपिसोड चाचण्या आहेत, म्हणजे कागदावर यापेक्षा बोर काही नसेल, पण प्रत्येक चाचणीला घशात आवंढा येतो. सीमा वरून दिसत नाहीत हे वाक्य स्पेसच्या गोष्टींमध्ये आपण इतकं ऐकलंय की गुळगुळीत झालंय. इथे ते बोचतं, कारण ज्याला सीमेमुळेच सगळं गमवावं लागतंय तो माणूस आपल्यासमोर आहे.

चंद्रावरच्या हॉस्पिटलमधली नोनो पण विसरू नका. चंद्रावरच जन्मलेली, वय बारा, उंची मोठ्या बाईएवढी, कारण वाढलीच आहे एक-षष्ठांश गुरुत्वाकर्षणात. पृथ्वीवर ती जाऊ शकत नाही. आणि मस्त हसतखेळत गप्पा मारते, तिला स्वतःची दया येत नाही, सिरीजही तिची दया करायला लावत नाही.

बरं, आता तक्रारी, आणि त्या बऱ्याच आहेत.

पहिली म्हणजे सुरुवातीचा आरडाओरडा. ऑफिसमधली कॉमेडी मूळ मांगात जवळजवळ नाहीच, ती ॲनिमेने वाढवलीये, आणि कल्पना म्हणून ती मला आवडते, पण अंमलबजावणी? सेक्शनचे साहेब लोक नुसते चाळे करत राहतात, तानाबे दर थोड्या वेळाने प्रेमावर भाषण ठोकते आणि हाचिमाकी तिच्यावर खेकसतो, परत पुढच्या एपिसोडला तेच. चंद्रावरच्या निंजा मंडळींचा एपिसोड तर मी कुणालाही सरळ स्किप करायला सांगेन. लोक सुरुवातीलाच सोडून देतात आणि दोष संथपणाला देतात, पण माझं निरीक्षण असं की हे सीन संथ नाहीतच, उलट पळापळ आणि किंचाळणं आहे, काहीतरी होत राहिलं पाहिजे या धास्तीने भरलेलं. विनोद जमतो तो सेक्शनचं जहाज चालवणाऱ्या फीच्या बाराव्या एपिसोडला. बाईला फक्त एक सिगरेट ओढायची आहे आणि अतिरेकी नेमक्या स्मोकिंग रूमच उडवताहेत, आणि त्यातून गोष्ट जाते केसलर सिंड्रोमपर्यंत. डोनाल्ड केसलरने १९७८ मध्ये मांडलं होतं ते, एका धडकेतून तुकडे, त्या तुकड्यांमुळे पुढच्या धडका, अशी साखळी. अतिरेक्यांना ती मुद्दाम सुरू करायची असते आणि फी आपलं जहाजच मध्ये घालते. इथे विनोद त्या माणसाच्या स्वभावातून येतोय, म्हणून टिकतो.

दुसरी तक्रार मोठी आहे, आणि इथेच माझं फॅन लोकांशी भांडण होतं. गुरू ग्रहाकडे जाणाऱ्या फॉन ब्राऊन यानाची निवड सुरू झाली की सिरीज गिअर बदलते. सुरुवात छानच आहे, हाचिमाकी एकटा अवकाशात अडकतो आणि नंतर त्याला बाहेर पडायचीच भीती बसते, त्या अंधाऱ्या खोलीत स्वतःशीच भांडतो, तो एपिसोड जबरदस्त आहे. या मोहिमेचा प्रमुख लॉकस्मिथही भारी पात्र आहे, इंजिनच्या स्फोटात माणसं मेली तरी ज्याला जरासुद्धा पश्चात्ताप नाही असा. पण मग अतिरेकी, बंदुका, यानावर हल्ला. एल तानिकाच्या एपिसोडने जो प्रश्न इतक्या धीराने मांडला होता, की अवकाशातून होणारा फायदा नक्की कुणाच्या पदरात पडतो, तो अतिरेक्यांना सामील झालेल्या हकीम आणि क्लेअरच्या हातात आल्यावर घोषणा होऊन जातो. क्लेअरचं वळण तर मला अजून पटलेलं नाही. त्या देशातून आलेली, सगळ्यात हुशार, सगळ्यात आतून पोखरलेली बाई, तिला तीन-चार शांत एपिसोड द्यायला हवे होते, मिळाले घाईघाईतले तुकडे. याला लोक पिकअप म्हणतात!

आणि तानाबे. चंद्राच्या पृष्ठभागावर जखमी क्लेअरला घेऊन ती चालते, ऑक्सिजन संपत आलाय, क्लेअरचा ऑक्सिजन काढून घेतला तर स्वतः वाचेल. ते चालणं सिरीजने जितकं लांबवलंय तितकं लांबवणं गरजेचंच होतं, तिच्या सगळ्या भाषणांची परीक्षा तिथे आहे आणि पहिल्यांदाच ती गप्प आहे. पण त्यानंतर? ती आजारपणातून सावरतेय, हाचिमाकी येतो, लग्नाचं विचारतो, आणि सात वर्षांच्या मोहिमेवर निघून जातो, ती पोटात बाळ घेऊन मागे. शेवट गोड आहे हे मान्य, मीही दर वेळी विरघळते, पण जी मुलगी पहिल्या एपिसोडपासून या कामावर जीव टाकत होती तिला काय हवंय हे शेवटी कुणीच विचारत नाही, आणि हे मला दर वेळी आधीपेक्षा जास्त खुपतं.

एक मात्र मानायलाच हवं, यांनी विषय कसला अचूक पकडला होता. सिरीज २००४ मध्ये संपली. २००७ च्या जानेवारीत चीनने स्वतःचाच जुना हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने उडवला आणि नोंद ठेवता येतील असेच तीन हजारांवर तुकडे कक्षेत पसरले. २००९ च्या फेब्रुवारीत इरिडियम ३३ आणि बंद पडलेला रशियन कॉसमॉस २२५१ हे दोन उपग्रह एकमेकांवर आदळले.

म्हणूनच मला एका गोष्टीची फार हळहळ वाटते. मांगात पुढे फीचा मोठा भाग आहे, तिचं लहानपण, तिचा काका, आणि युद्धामुळे कक्षेत पुन्हा कचरा होणार म्हटल्यावर तिने घेतलेली भूमिका. ॲनिमेत तो आलाच नाही. यानावरच्या गोळीबारातले दोन एपिसोड कापून तिथे हा भाग, त्याच सावकाश चालीने, मिळाला असता तर मी आनंदाने घेतला असता. ज्यांनी फक्त ॲनिमे बघितलीये त्यांनी निदान फीसाठी तरी मांगा वाचाच.