गोव्यात जुनी गाडी सांभाळणे सोपे नाही: फिरत असलेल्या एका संदेशाला उत्तर

गेले काही आठवडे ‘गोव्यात जुनी गाडी सांभाळणे सर्वांत सोपे’ असा एक संदेश आमच्या फोंड्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. त्यात सल्ले असे: इथे बर्फ नाही म्हणून गंज नाही, जुना पत्रा जाड असतो, जपायचे ते उन्हापासून. मे संपता संपता गाडी ताडपत्रीत घट्ट बांधा. शटरचे पक्के गॅरेज बांधा, एसी लावला तर उत्तम. टाकी काठोकाठ भरून ठेवा. रेडिएटरला विहिरीचे पाणी चालते. पन्नास वर्षे झाली की व्हीए नंबर, म्हणजे विंटेज गाडीची खास नोंदणी, घ्या आणि हवे तिथे फिरा. पावसात दर आठवड्याला दहा मिनिटे इंजिन जागेवर चालू करा.

आमच्या घरी वडिलांची १९६८ ची फियाट आहे. यातले दोन सल्ले मी स्वतः पाळले आणि वडिलांनी आयुष्यभर जपलेल्या गाडीचा तळ एका पावसाळ्यात घालवला. दुसऱ्या कुणाची गाडी तशी जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

बर्फाच्या देशांत रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्याने गाड्या सडतात, हे खरे. पण लोखंड गंजायला बर्फ लागत नाही, दमट हवा पुरते. आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंज झपाट्याने धरतो. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात, आणि त्या महिन्यांत आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात असते. मीठही इथे आहेच. कळंगुट किंवा मिरामारला किनाऱ्यालगत राहणाऱ्यांच्या गाडीवर ते वाऱ्याबरोबर रोज बसते, आणि मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून धरते. आम्ही आत फोंड्याला असल्याने त्यातून बरेच सुटतो, पण पाऊस मात्र आमच्याकडे अधिकच.

जाड पत्र्याला भोक पडायला वेळ लागतो, एवढाच त्याचा फायदा. त्या काळच्या आपल्या गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर नसे. दाराच्या तळाशी आणि उंबऱ्याखालच्या पोकळ पेट्यांत आतून रंगही नीट पोचत नसे. गंज तिथूनच, आतून बाहेर येतो. बाहेर रंगाला फुगा दिसतो तेव्हा आतला पत्रा संपलेला असतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची छिद्रे असतात, ती मातीने बुजतात. मे महिन्यात एक तार घेऊन ती मोकळी करा आणि पोकळ पेट्यांत पातळ मेणाचा फवारा मारून घ्या. गंजावरच डांबराचा लेप देऊ नका, तो ओल आत कोंडतो.

उन्हाचे म्हणाल तर रबर, रंग आणि सीटचे रेक्झिन त्याने खराब होते, गाडी सावलीत हवीच. चढावर पेट्रोल पाइपमध्येच उकळून गाडी बंद पडते तेव्हा जुने टॅक्सीवाले पंपावर ओले फडके ठेवत, आजही तेच करावे. पण उन्हाने गाडी मरत नाही. ती ओलीने मरते.

ताडपत्रीची चूक माझी. जूनच्या पहिल्या आठवड्यात निळ्या ताडपत्रीने फियाट चाकांपर्यंत गुंडाळली, दोरीने करकचून बांधली, आणि गणेश चवथीला पाहुण्यांना दाखवायला सोडली. आतून ताडपत्रीला थेंब लोंबत होते. सीटवर पांढरी बुरशी, स्टिअरिंगवर बुरशी, आणि पायाखालची मॅट उचलली तर पत्र्याचे पापुद्रे हातात आले. वरून पावसाचा एक थेंब आत गेला नव्हता. पाणी जमिनीतून वाफ होऊन वर आले होते आणि त्याला बाहेर जायला वाट नव्हती.

खरे तर याचे उत्तर आमच्या घरात होते. आजी पावसाच्या तोंडावर चिऱ्याच्या उघड्या भिंतींना माडाच्या चुडतांची झापे बांधायची. झाप पावसाचा मारा अडवते, पण वारा तिच्यातून खेळतो आणि भिंत सुकत राहते. गाडीचे कव्हर त्या झापेसारखे हवे: डोक्यावर छप्पर असेल तर जुन्या सुती चादरीही पुरतात, फक्त जमिनीपर्यंत ओढू नका. मॅट काढून घरात न्या.

गॅरेजवर मला जास्त बोलायचे आहे, कारण तिथे लोक लाखो रुपये घालतात. आपली जुनी घरे उंच जोत्यावर आहेत, मंगलोरी कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, पडवी तीन बाजूंनी उघडी. गाडीला अशी पडवी शटरच्या खोलीपेक्षा पुष्कळदा बरी, मात्र पावसाची झड लागू नये. शटरच्या खोलीत काय होते? फरशीखाली प्लास्टिकचा कागद घातला नसेल तर काँक्रीट जमिनीची ओल शोषून वर देते. चिऱ्याची भिंतही तेच करते. तुमच्या फरशीची परीक्षा सोपी आहे: दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने फरशीला घट्ट चिकटवा आणि रात्रभर, सोळा तास, तसाच ठेवा. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झाले तर तुमची गाडी त्याच वाफेवर उभी आहे.

एसीचा सल्ला तर घातकच. एसी बंद झाला किंवा शटर उघडले की बाहेरची दमट हवा थंड पत्र्यावर येते आणि गाडीला घाम फुटतो, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा. रोज हेच झाले तर रोज आंघोळ.

मग करायचे काय, तर दोनपैकी एक वाट धरायची. एक, खोली खरोखर बंद करून त्यात हवेतली ओल काढणारे यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, लावा आणि आर्द्रता ५०-६० टक्क्यांत ठेवा. दोन, समोरासमोर जाळ्या सोडून वारा खेळता ठेवा. दुसऱ्या वाटेने जुलैतली हवा कोरडी होणार नाही, हे मान्य. पण ओल साचणार नाही, आणि उघडीप मिळाली की गाडी सुकेल. अर्धे बंद, अर्धे उघडे असे करू नका, यंत्राची वीज फुकट जाईल. लहान जागेत जुना तारेचा पिवळा बल्ब (तापणारा, एलईडी नव्हे) गाडीखाली जपून पेटता ठेवणेही उपयोगी: हवा एक अंशाने तापली तर आर्द्रता पाचेक टक्क्यांनी उतरते.

टाकी भरून ठेवण्याचा सल्ला एके काळी बरोबर होता. भरलेल्या टाकीत हवा कमी, म्हणून आत ओल आणि गंज कमी. पण आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेले ई२० पेट्रोल. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, पाणी जास्त झाले की दोघे मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात, आणि ते गंजाचे घर होते. जुने रबरी पाइप आणि कार्बुरेटरचे वायसरही त्याने फुगतात किंवा चिरतात. गाडी चार महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून घ्या, कार्बुरेटरची वाटी रिकामी करा, टाकीला आतून थोडे तेल फिरवा. पाइप इथेनॉल सोसणारे बसवा.

विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, किनाऱ्याजवळ खारटपणाही. फियाटचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे, आणि अशा पाण्यात आधी हेडच खाल्ले जाते. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला.

व्हीए नंबरचा नियम २०२१ चा आहे: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. पण ती रोज रस्त्यावर चालवायला मनाई आहे. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशाच कामांसाठी बाहेर काढता येते. बाजाराला न्यायची गाडी असेल तर तो नंबर तुमच्यासाठी नाही.

राहिली ती दहा मिनिटे. हीच माझी दुसरी चूक, आणि ती मी मनापासून, गाडीच्या काळजीने केली. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. इंजिन पुरते तापले तर ते वाफ होऊन निघून जाते. दहा मिनिटांत सायलेन्सर तापत नाही, पाणी आतच साठते आणि तो आतून कुजतो. थोडे पाणी ऑइलमध्येही उतरते, झाकणाखाली दुधासारखा चिकट थर दिसतो तो त्याचाच. जुन्या डायनॅमोने जागेवरच्या मंद वेगात बॅटरीही भरत नाही, उलट स्टार्टरने खाल्लेले परत येत नाही. उघडीप असेल तर पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा, नाहीतर हातच लावू नका.

आमची फियाट आता जूनमध्ये ऑइल बदलून पडवीत उभी राहते. हँडब्रेक सोडलेला असतो, कारण ड्रमला लायनर चिकटतात, आणि चाकाला लाकडी ठोकळा. बॅटरी घरात चार्जरवर. चवथीच्या आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडतो, हँडलने इंजिन हलके फिरवतो, मग प्लग लावून स्टार्टर. यंदा तिसऱ्या फिरकीला लागली.