‘आकडा फिरवला’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ट्युरिंग नमुन्यांवरच्या (दोन रसायनांच्या अभिक्रियेतून आणि पसरण्यातून आपोआप उमटणारे ठिपके-पट्टे) माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: ‘विसरणाचं गुणोत्तर १० हा आकडा ठिपके उमटेपर्यंत फिरवलेला आहे. ऊतीतली प्रथिनं साधारण एकाच आकाराची, दहापट फरक येणार कुठून? झेब्राफिशच्या पट्ट्यांना तर हे लागूच पडत नाही. रंगीत चित्रांची हौस म्हणजे जीवशास्त्र नव्हे.’

शेवटचं वाक्य नसतं तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. शंका विचारावी, जरूर विचारावी. पण समोरच्याला हौशी ठरवून मोकळं व्हायचं ही कुठली रीत? हे गणित मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आलोय, चित्रं त्यानंतर येतात. आकृतीशेजारी रंगपट्टी हवी होती, एवढं मान्य.

आता ‘फिरवलेला’. विसरण म्हणजे रेणूंचं पसरणं, आणि गुणोत्तर म्हणजे वेगाने पसरणाऱ्या रसायनाचा विसरण गुणांक भागिले हळू पसरणाऱ्याचा. कागद घ्या. श्नाकेनबर्गच्या दोन रसायनांच्या प्रतिमानात (१९७९; यू आणि व्ही ही त्यांची प्रमाणं, अ आणि ब हे पुरवठ्याचे दर) अ = ०.१, ब = ०.९ धरलं की स्थिर अवस्था येते यू = १, व्ही = ०.९. तिथल्या जेकोबियनची (लहान विचलनं वाढतात की विरतात ते सांगणाऱ्या कोष्टकाची) वरची ओळ ०.८, १ आणि खालची −१.८, −१. ट्रेस ऋण (−०.२), डिटर्मिनंट धन (१). म्हणजे विसरण नसेल तर ही अवस्था ढळत नाही. विसरणाने ती मोडायची तर गुणोत्तराला ग म्हणून ०.८ग − १ > २√ग ही अट. सोडवा, ग सुमारे ८.५७ च्या वर लागतो. ८ ठेवून प्रोग्रॅम हवा तितका वेळ चालवा, सुरुवातीला घातलेलं एक टक्का विचलन विरून सपाट रंग उरेल. १० ठेवलं की तरंगसंख्येचा वर्ग ०.२ ते ०.५ मध्ये असलेल्याच लहरी वाढतात, म्हणजे तरंगलांबी साधारण ९ ते १४. उंबरठ्याच्या जरासंच वर राहिलं की ही लांबी चित्रात मोजून ताडता येते, म्हणून १०.

खोटे नमुने कसे येतात तेही सांगतो, कारण तुम्हाला बहुधा तेच दिसले असावेत. जाळीचं अंतर ०.५, मोठा विसरण गुणांक १०, साधी ऑयलर पद्धत (काळ छोट्या टप्प्यांनी पुढे नेणारी): द्विमितीत काळाचा टप्पा ०.००६२५ च्या आत हवा. ०.०१ ठेवलात की बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक घरं उमटतात आणि पाठोपाठ आकडे फुटतात. पडताळा सोपा आहे: अंतर निम्मं करा, टप्पा चौथाई करा. ठिपक्यांमधलं अंतर बदललं तर तो नमुना जाळीचा, समीकरणाचा नाही.

आकार सारखा म्हणून विसरण सारखं, हे कुणी सांगितलं? रेणू ग्राहींना आणि पेशींबाहेरच्या जाळ्याला किती चिकटतो यावरही त्याचा प्रभावी वेग ठरतो. २०१२ मध्ये झेब्राफिशच्याच भ्रूणात मोजलेले आकडे, चौरस मायक्रोमीटर प्रतिसेकंदात: चालना देणारी प्रथिनं सायक्लॉप्स ०.७ आणि स्क्विंट ३.२, त्यांना रोखणारी लेफ्टी-१ ११.१ आणि लेफ्टी-२ १८.९. स्क्विंट आणि लेफ्टी-१ घेतलंत तर गुणोत्तर साडेतीन, सायक्लॉप्स आणि लेफ्टी-२ घेतलंत तर २७. दहा यांच्या मधेच बसतो.

राहता राहिले झेब्राफिशचे पट्टे. ते रंगपेशींच्या आपसातल्या संपर्कातून घडतात हे मलाही ठाऊक आहे. लेख त्यांच्यावर नव्हता.