बांध कोरणाऱ्यानेच खर्च भरावा

आमच्या भावकीचं सध्या एकमत झालंय: बांधाचा दावा कोणीही जिंको, कोर्टाचा खर्च ज्याचा त्याने सोसावा, म्हणजे वैर वाढत नाही. मला हे अजिबात पटत नाही.

लगतच्या शेतकऱ्याने नांगराच्या दर फेरीला आमचा बांध कोरला. दादांनी हद्द कायम मोजणी आणली, खुणा रोवल्या. पेरणीआधी त्या उपटलेल्या. त्या शेजाऱ्याने निमताना, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी मागवली, तीही तशीच निघाली. मग दिवाणी दावा, तारखा, वकिलाची फी, तालुक्याला खेपा. निकाल आमच्या बाजूने आणि शेवटची ओळ, ‘खर्च ज्याचा त्याने सोसावा.’ म्हणजे दादांनी स्वतःचीच जमीन विकत घेतली!

मी राहतो त्या जर्मनीतल्या फ्रँकन भागात दोन खर्च वेगळे धरतात. सीमेचा दगड बसवायचा खर्च, वेगळं काही ठरलं नसेल तर, दोन्ही शेजाऱ्यांनी निम्मा निम्मा द्यायचा. फेल्डगेश्वोरेने, म्हणजे सीमेच्या दगडांची शपथ घेतलेले गावकरी, येतात, दगडाखाली आपली गुप्त खूण पुरतात, काम झालं. पण भांडण कोर्टात गेलं की हरणाऱ्याने कोर्टाचा आणि समोरच्याच्या वकिलाचाही ठरल्या दराने खर्च भरायचा. अर्धवट जिंकलात तर त्या प्रमाणात. त्यामुळे शेताकडेच्या झुडपांच्या कुंपणावरून तावातावाने बोलणारा माणूसही दाव्याआधी दहादा विचार करतो.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ सांगतं की जिंकणाऱ्याला खर्च द्यायचा नसेल तर न्यायाधीशाने कारण लिहावं. खरोखर झालेला वाजवी खर्च द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच बजावलंय. पण जाणूनबुजून केलेल्या खोट्या दाव्याची किंवा बचावाची भरपाई कलम ३५-अ मध्ये ३,००० रुपयांवर अडकलेली आहे. एवढ्याला कोण भिणार?

‘तू तिकडे बसून बोलतोस, बांधाला बांध लावून आम्हाला राहायचंय,’ चुलते म्हणतात. खरंय. पण परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तेवढीच माझी. सातबाऱ्यावरचं ते नाव सोडलं तर गावात माझं म्हणावं असं काय उरलंय? म्हणून अर्धा हात बांधही मला लागतो.

मी पाठवलेले पैसे दादांनी परत केले. ‘तारखांना तू नव्हतास,’ एवढंच म्हणाले. ते मला फार लागलं. पण दादांचंही बरोबर आहे: हा खर्च माझ्याकडून नाही, हरलेल्याकडून यायला हवा होता.