शब-ए-मालवा आणि आठ गाद्या

आमच्या ह्यांना उर्दूतलं एकच वाक्य येतं आणि ते दरवर्षी मे महिन्यात, कूलरसमोर पाय पसरून ते म्हणतात : ‘‘सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा!’’ म्हणजे सकाळ बनारसची, संध्याकाळ अवधची आणि रात्र आमच्या माळव्याची. ह्यात दुपारचं नाव कोणीच घेतलेलं नाही, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी टिपलं होतं. पण नव्या सुनेनं टिपलेल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

वाक्य म्हणून झालं की बॅगा भरायच्या. इंदूरहून हातोदच्या रस्त्याला लागायचं, होळकरांनी गंभीर नदीवर बांधलेलं यशवंतसागर मागं टाकायचं, आणि काळ्या मातीला भेगा दिसायला लागल्या की आमच्या चुलतसासऱ्यांचं, म्हणजे काकांचं, गाव जवळ आलं म्हणायचं. ह्यांचे पणजोबा होळकरांच्या मुलकी खात्यात होते. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झालं, मान गेला, पागोटं गेलं. राहिलं ते चार खोल्यांचं घर, पंधरा बिघे जमीन आणि कुठलंही काम दुसऱ्याला सांगायची सवय.

मी इंदूरच्या रामबागेत वाढलेली. आमचा उन्हाळा म्हणजे खिडकीत घरघरणारा कूलर, दुपारी पत्ते, आणि रात्री उशिरा सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन आटीव दुधाची ती दाट शिकंजी पिणं. बाहेरगावच्या पाहुण्यांना ती शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत वाटतं आणि पहिल्या घोटाला त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. असो. सांगायचं ते गच्चीचं.

गावी आम्ही सगळे गच्चीवर झोपतो. ह्यामागं काव्य आहे असं ह्यांचं म्हणणं. खरं कारण लसूण आहे. लसूण मार्चमध्ये निघतो आणि दांड्यांसकट घरात येऊन बसतो. पहिली खोली त्याची, दुसरी त्याची, माजघर अर्धं त्याचं. भाव पडलेला असला की काका विकत नाहीत, कारण तोटा होतो. भाव चढलेला असला की विकत नाहीत, कारण अजून चढेल. मंडीत भाव नेमका किती असला म्हणजे काका विकतील, हे गेल्या सोळा वर्षांत आम्हां कोणाला कळलेलं नाही. घरातला एकुलता एक नीट फिरणारा पंखा लसणावर लावलेला असतो, कारण लसणाला हवा लागते. आम्हांला लागते की नाही, हा प्रश्न कोणी उपस्थित करत नाही. चौथ्या खोलीत देव, गहू आणि काकूंचं कपाट. मग माणसं जाणार कुठं? वर.

गच्चीची तयारी संध्याकाळी पाचला सुरू होते. त्याआधी काही सुरू होऊच शकत नाही, कारण अकरापासून दारं लावून घेतलेली असतात आणि बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्याचा तापलेला वारा, भणभणत असते. ज्याला जायचंच आहे त्याच्या खिशात काकू कांदा घालतात. कांदा खिशात असला की लू लागत नाही, अशी माळव्यात पक्की समजूत आहे. आमचे चिरंजीव पहिल्या वर्षी तो कांदा खाऊन आले आणि तरीही त्यांना लू लागली नाही. तेव्हा कांदा आतून घ्यायचा की बाहेरून, ह्यावर घरात दोन पक्ष आहेत. मुलं दिवसभर फरशीवर खडूनं घरं आखून चंगा-पो खेळतात, ऊन उतरलं की सितोलिया, म्हणजे आपली लगोरी. मोठी माणसं कैरीचं पन्हं पितात आणि ‘काल याहून जास्त होतं’ किंवा ‘आज कालच्याहून जास्त आहे’ ह्यांपैकी एक वाक्य म्हणतात. विश्रांती म्हणतात ती हीच.

तर पाच वाजता गच्चीवर पाणी मारायचं. काकांच्या वडिलांच्या वेळी घरावर कवेलू होते, माणसं अंगणात खाट टाकून झोपत आणि मातीची जमीन दिवेलागणीलाच थंड होई. पुढं काकांनी स्लॅब टाकला. स्लॅब हा लसणासारखाच. दिवसभर मिळालेलं काहीही सोडत नाही, आणि सोडतो ते बरोबर आपण पाठ टेकल्यावर. पहिल्या बादलीला गच्ची फस्सकन ओरडते. तिसरीला तिच्यातून अशी वाफ निघते की खाली बाफल्यांचे कणकेचे गोळे उकळायला टाकले आहेत की काय असं वाटावं. सातवीनंतर ती जराशी नरमते. बाराव्या बादलीला जाऊबाई अनवाणी पाय ठेवून पाहतात आणि म्हणतात, ‘‘वहिनी, अजून दोन.’’

हे पाणी येतं कुठून? ‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ ही इथली जुनी ओळ. पावलापावलावर पाणी! ते आता पावलांच्या बरंच खाली गेलंय. बोअरची मोटर लाईट आली की चालते, आणि लाईटची वेळ विचारली की दीर आभाळाकडे बघतात. तेव्हा हौदातून बादली भरायची आणि भिंतीला टेकवलेल्या शिडीनं वर न्यायची. जिना बांधायचा आहे. लसणाचा भाव आला की. गच्चीला कठडाही नाही. तोही लसणाचा भाव आला की.

मग गाद्या. माणसं दहा. काका आणि सासूबाई ह्यांना नवारीच्या खाटा, बाकी आठांना गाद्या. कापसाची गादी शिडीवरून नेताना ती वरच्या टोकाला गळा काढून मागं वळते आणि आपल्याच अंगावर येऊन बसते. हे खालून ‘‘थोडी डावीकडे... नाही, तुझ्या डावीकडे’’ असं मार्गदर्शन करतात. ‘‘सोळा वर्षं झाली, माझी डावी बाजू तीच आहे,’’ असं मी एकदा गादीच्या आतून म्हटलं होतं. ते कोणाला ऐकू गेलं नाही.

मांडवगडला जहाजमहाल पाहिला, तेव्हा मला त्या उर्दू वाक्याचा उलगडा झाला. एका बाजूला मुंज तलाव, दुसऱ्या बाजूला कपूर तलाव, मध्ये महाल आणि वर गच्ची. घियासुद्दीन खिलजीच्या जनानखान्यात पंधरा हजार बायका होत्या असं सांगतात. गाइड हे सांगताना चावटपणे हसला. माझ्या डोक्यात दुसराच हिशेब चालला होता : गादीमागं चार जणी धरल्या तरी किती मनुष्यबळ! दोन्ही अंगांना तलाव आणि अंथरूण घालायला पंधरा हजार हात-जोड्या असल्यावर शब-ए-मालवा मीसुद्धा म्हणेन. फारसीतही म्हणेन.

गाद्या वर गेल्या की जागावाटप. काका बोट ओलं करून हवेत धरतात आणि पश्चिमेचा वारा पहिल्यांदा आपल्याला लागेल अशी खाट लावून घेतात. सासूबाई शिडीपाशी, कारण रात्री त्यांना उतरावं लागतं. मुलं मधोमध, कारण कठडा नाही. दीर मुलांच्या बाजूला, कारण मुलं लोळत जातात. काकूंना टॉवरचा लाल दिवा डोळ्यांवर नको. ह्यांना पाय दक्षिणेला चालत नाहीत. अशा सगळ्या अटी पुऱ्या झाल्यावर पाण्याच्या काळ्या टाकीखालची जी जागा उरते ती माझी आणि जाऊबाईंची. ती टाकी गळते. फार नाही, थेंब एक, दर चाळीस सेकंदांनी. मी मोजलंय. मोजायला वेळ भरपूर असतो.

आणि मग गावाची खरी करमणूक सुरू होते. सगळं गाव आपापल्या गच्चीवर आडवं झालेलं असतं. म्हणजे एकच लांबलचक झोपायची खोली, फक्त मध्ये गल्ल्या. ह्या टोकाला कोणी खोकलं तर त्या टोकाहून काढ्याची कृती येते. पलीकडच्या गच्चीवरून आजी विचारते, ‘‘इंदोरवाली, नींद नी अई री कँई?’’ मी झोपेचं सोंग घेते. ती पुढं सगळ्या गावाला सांगते की इंदोरवाली सोंग घेऊन राहिली आहे. कोणाच्या मुलीला बघायला आले होते, त्यांनी सेव किती खाल्ली, डीपी जळली तेव्हा कोणी किती वर्गणी दिली नाही, हे सगळं डोक्यावरून इकडून तिकडे जात असतं. माझ्या नणंदेचं लग्न असंच गच्च्यांवरून ठरलं; मुलाकडच्यांचा होकार पाच गच्च्या ओलांडून आला.

काका मुलांना तारे दाखवतात. ते मात्र मला मनापासून आवडतं. ‘‘ते सप्तर्षी. त्यांची शेपटी वळतेय ना, तशीच वळवत पुढं ने. तो लखलखीत दिसतो तो स्वाती. अजून थोडी ने. चित्रा.’’ काकांचं बोट आभाळातून फिरतं आणि मुलं गप्प होतात. मग हे आग्नेयेला बोट दाखवून म्हणतात, ‘‘आणि तो तांबडा मंगळ.’’

‘‘ती ज्येष्ठा,’’ काका म्हणतात.

‘‘मग तो त्याच्याहून तांबडा?’’

‘‘तो टॉवर.’’

ह्यावर हे विषय बदलतात आणि माळव्याची रात्र गार का, हे समजावून सांगतात. पठार समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटर उंच, हवा कोरडी, आभाळ मोकळं, त्यामुळं जमिनीची उष्णता रात्री भराभर निघून जाते. हे समजावत असतानाच ते घोरायला लागतात. स्लॅबची उष्णताही निघून जात असते. माझ्या पाठीतून.

साडेदहाला डास येतात. अकराला शेजारच्या गावच्या वरातीतला डीजे. तो बाराला थांबला की आंब्यावरचा पावशा सुरू. हा पक्षी महाराष्ट्रात ‘पेरते व्हा’ म्हणतो, इकडे हिंदीत ‘पी कहाँ’ विचारतो, आणि इंग्रजांनी त्याला मेंदूज्वराचा पक्षी म्हटलं. तिघांत इंग्रजच खरा गच्चीवर झोपलेला दिसतो. एक-एक पट्टी चढवत तो अशा ठिकाणी जाऊन थांबतो की आता पुढचा सूर कुठं लावणार, ह्या काळजीनं आपण जागे. मागच्या वर्षी काका झोपेतच त्याला म्हणाले, ‘‘पेरतो रे बाबा, आधी घरातला माल तर जाऊ दे.’’

त्याच रात्रीची गोष्ट. नौतपा चालू होता. सूर्य रोहिणीत गेला की २५ मेच्या सुमारास हे नऊ दिवस सुरू होतात. हे दिवस जितके तापतील तितका पाऊस चांगला, असा इथला हिशेब. म्हणून ह्या दिवसांत उकाड्याबद्दल तक्रार केली की शेतकरी आपल्याकडे देशद्रोह्यासारखं बघतात. अडीचच्या सुमारास एकाएकी सगळं थांबलं. पावशा थांबला, डास गेले, स्लॅब निवला. टाकीसुद्धा गळायची थांबली, कारण ती रिकामी झाली होती. पश्चिमेकडून वाऱ्याची एक झुळूक आली आणि थेट माझ्यापर्यंत पोचली. काकांना ओलांडून, ह्यांना ओलांडून, मुलांना ओलांडून. कुठून तरी ओल्या मातीचा वास आला. मी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. हो, पांघरूण! मे महिन्यात! आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की ह्यांचं वाक्य काही अगदीच खोटं नाही.

ओल्या मातीचा वास मे महिन्यात कुठून आला, हा विचार मी करायला हवा होता.

पहिला थेंब नाकावर पडला. मी टाकीला मनातल्या मनात शिवी दिली. दुसरा थेंब डोळ्यावर, तिसरा ह्यांच्या उघड्या तोंडात. ‘‘पाऊस!’’ जाऊबाई ओरडल्या. मी उठून गादी गुंडाळायला घेतली. गुडघ्यानं दाबून, हातानं ओढून अर्धी गुंडाळलीही होती, एवढ्यात काकांचा आवाज आला, आणि त्या आवाजात होळकरांचं अख्खं मुलकी खातं होतं :

‘‘गाद्या राहू द्या! कांदा झाका!’’

कांदा अंगणात पसरला होता, कारण घरात लसूण होता. दहा माणसं त्या एका शिडीवरून कशी उतरली, मला आठवत नाही. सासूबाई सगळ्यांत आधी खाली होत्या. शिडीपाशी झोपण्याचा तोही एक फायदा. तिरपाल उलगडलं तर वाऱ्यानं ते फुगून उभं राहिलं. दीर एका कोपऱ्याला लोंबकळत, मी दुसऱ्या, हे तिसऱ्यावर बसलेले, चौथ्यावर तिन्ही मुलं उभी. काकू विटा आणत होत्या. वीज चमकली की सगळ्या गल्लीत हेच दृश्य : प्रत्येक अंगणात एक तिरपाल आणि त्याच्या चार टोकांना रात्रीच्या कपड्यांतलं एकेक कुटुंब. पलीकडून आजीनं ओरडून माझ्या गाउनबद्दल काहीतरी विचारलं. ढगांच्या गडगडाटात ते मला ऐकू आलं नाही, गल्लीला आलं.

दहा मिनिटांत पाऊस थांबला आणि तारे परत आले. कांदा कोरडा होता. काका अंगणात उभे राहून खिन्नपणे म्हणाले, ‘‘नौतपा गळला.’’ आता पावसाळ्याचं काही खरं नाही, असा त्याचा अर्थ. त्यांना गाद्यांचं सांगावं असं कोणाला वाटलं नाही.

आम्ही ओटल्यावर ओळीनं बसलो. आत लसूण पंख्याखाली गाढ झोपला होता. चार वाजता काकूंनी चहा टाकला. ह्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, वर आभाळाकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ते मिटलं.

‘‘एक मात्र बरं झालं,’’ काकू म्हणाल्या, ‘‘संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायला नको.’’

पण साडेनऊलाच गच्ची इतकी तापली होती की ओल्या गाद्या उलटवायला मला चपला घालून वर जावं लागलं. जाऊबाई खालून म्हणाल्या, ‘‘वहिनी, येताना बादल्या घेऊन या.’’