ऑटोपायलट बंद पडला म्हणजे विमान पडतं? नाही हो!
घणसोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, की ऑटोपायलट (विमान आपोआप चालवणारी यंत्रणा) बिघडला की विमान कोसळतंच, पायलटला काही करता येत नाही. हे खोटंय. आई पहिल्यांदाच विमानात बसणारे, ती ते वाचून तिकीट कॅन्सल कर म्हणतेय म्हणून लिहितोय. ऑटोपायलट सुटला, म्हणजे बंद झाला, की लगेच अलार्म वाजतो, एक पायलट हाताने विमान चालवतो, दुसरा चेकलिस्ट बघतो, आणि ऑटोपायलटच वेडंवाकडं करत असेल तर कंट्रोलवरचं बटण दाबून पायलटच तो बंद करतात. २९,००० ते ४१,००० फुटांच्या दरम्यान मात्र विमानांमध्ये उभं अंतर १,००० फुटांचंच, तिथे उंची अचूक धरायला ऑटोपायलट लागतो, म्हणून तो बंद पडला की जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलरला कळवावं लागतं, कधी खाली यावं लागतं. २००८ मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या एअरबस ए३३० विमानात ऑटोपायलट सुटला, नंतर कॉम्प्युटरला चुकीचा डेटा मिळून विमानाने दोनदा नाक खाली घातलं, शंभरावर लोक जखमी झाले, बेल्ट न लावलेले जास्त, पण पायलटनी ऑस्ट्रेलियात लिअरमंथला उतरवलंच, कोणी दगावलं नाही. आईला म्हटलं, बेल्ट तेवढा लावून बस.