साहेब मेलमध्येच भेटतील

पोळा तोंडावर आला की तालुक्याच्या ऑफिसातल्या साहेबाला दोनच चिंता असतात. दुपारची नागपूर बस चुकू नये आणि आपण नसल्याचं कोणाला कळू नये. पहिली एसटीवर सोपवा. दुसरीसाठी मात्र शिपायावर विसंबू नका. "साहेब फिल्डवर गेले" हे त्यानं इतक्यांदा म्हणून झालंय की आता वाक्य संपायच्या आत समोरचा कास्तकार विचारतो, "कोन्या फिल्डवर जी?" तिथं शिपाई गडबडतो. यंत्र गडबडत नाही. म्हणून सांगतो, ईमेलला आपोआप उत्तर लावून जा.

सोय जीमेलमध्येच आहे. सेटिंगच्या पहिल्या पानावर अगदी तळाशी. सापडलं नाही तर कंत्राटी ऑपरेटरला हाक मारा. त्याचा पगार थकलेला असला तरी त्याला हे येतं. तिथं सुट्टीचा पहिला दिवस विचारतात, तो भरा. शेवटचा दिवस भरायची सक्ती नाही. या एका सवलतीसाठी ज्यानं कोणी हे बनवलं त्याचा तालुक्यातर्फे शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायला पाहिजे.

आता मजकूर. "मी सुट्टीवर आहे, सोमवारी येतो" असलं काही लिहाल तर सोमवारी दारात माणसं उभी राहतील. असं लिहा: "उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने आपणांस कळविण्यात येते की, अधोस्वाक्षरीकार हे शासकीय कामानिमित्त मुख्यालयाबाहेर असल्याने आपल्या ई-मेलवर नियमानुसार उचित कार्यवाही यथावकाश करण्यात येईल." तारीख नाही, फोन नंबर नाही. शिवाय 'मुख्यालयाबाहेर' म्हटल्यानं तुम्ही एरवी मुख्यालयीच राहता हेही परस्पर सिद्ध होतं. अप-डाऊन करणाऱ्याला घरभाडे भत्त्यासाठी असा पुरावा फुकटात कुठं मिळतो?

भाषा जितकी कळत नाही तितकी ती खरी वाटते, हे ब्रिटनमध्ये सिद्ध झालेलं आहे. २००८ साली वेल्समधल्या स्वान्सी नगर परिषदेनं जड वाहनांना मनाई करणारी पाटी वेल्श भाषेत करून घ्यायला अनुवादकाला मेल केला. लगेच वेल्शमध्ये उत्तर आलं. परिषदेनं ते जसंच्या तसं पाटीवर छापून रस्त्यावर उभं केलं. त्यात लिहिलं होतं की मी सध्या ऑफिसात नाही, अनुवादाचं काम असेल तर पाठवा. आपल्याकडे वेल्श नाही, पण शासकीय मराठी आहे. काम भागतं.

यातली खरी मेख मात्र पुढं आहे. जीमेल एका माणसाला चार दिवसांतून एकदाच असं उत्तर देतं. समजा रात्री नाल्याचं पाणी कपाशीत शिरलं आणि कास्तकाराच्या पोरीनं सकाळी फोटो काढून तुम्हाला मेल केला. मिनिटाभरात उत्तर. घरात आनंद, "साहेबानं पाहिलं बाप्पा!" दुसऱ्या दिवशी ती स्मरण देते. शांतता. तिसऱ्या दिवशीही तेच. '७२ तासांत कळवा' हे पीक विम्याच्या नावानं तिच्या बापाकडून वर्षानुवर्षं पाठ करून घेतलेलं आहे. चार दिवसांचे तास होतात ९६. गणित तुमच्या बाजूनं आहे. फक्त मधेच मजकुरात हात घालू नका. तो बदलला की त्याच माणसाला पुन्हा उत्तर जाऊ शकतं, आणि दोनदा उत्तर द्यायची सवय या खात्याला नाही.

कोणी शिकलेला निघाला आणि म्हणाला की दप्तर दिरंगाईच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवता येत नाही, तर त्याला चहा पाजा. आणि सांगा की ही फाइल झालीच कुठं? मेलची प्रिंट निघेल, आवक क्रमांक पडेल, मग फाइल. प्रिंटरमध्ये टोनर नाही.

तातडीच्या कामासाठी कोणाचं तरी नाव द्यायची पद्धत आहे. द्या ना. शेजारच्या तालुक्याच्या साहेबांचं द्या, अर्ध्या जागा रिकाम्या असल्यावर अतिरिक्त प्रभार कोणाकडे तरी असतोच. त्यांच्या उत्तरात तिसऱ्याचं नाव असेल. तिसरा डिसेंबरात नागपूर अधिवेशनाच्या ड्यूटीवर, बाकीचे महिने व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत. त्यानं नाव दिलेलं असेल तुमचं. यंत्रांचा असा गोफ होऊ नये म्हणून आपोआप आलेल्या उत्तराला आपोआप उत्तर देऊ नये, असं आरएफसी ३८३४ या इंटरनेटच्या दस्तऐवजात २००४ सालीच सांगून ठेवलंय. अर्ज घेऊन फिरणाऱ्या माणसाला हे लागू नाही, तो कितीही वेळा फिरू शकतो.

एक धोका तेवढा सांभाळा. जिल्ह्याचा मेल आला तर तुमचं उत्तर तिकडेही जाणार. जीमेलमध्ये 'फक्त ओळखीच्यांनाच उत्तर द्या' अशी चौकट आहे, पण आपल्याला हवी नेमकी उलटी. अमेरिकेत बसून सोय करणाऱ्याला तालुक्याचं दुखणं काय कळणार? आउटलुक थोडं समजूतदार आहे, तिथं आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी दुसरा मजकूर ठेवता येतो. आतल्यांना लिहा, "पंचनाम्यात व्यस्त, रेंज नाही." रेंज नसणं आपल्याकडे कोणीही मान्य करतं.

आणि जो मेल करतच नाही, सकाळच्या बसनं येऊन धोतराच्या सोग्यात अर्ज घेऊन व्हरांड्यात बसतो, त्याचं काय? त्याच मजकुराची प्रिंट काढा (यासाठी टोनर निघेल) आणि केबिनच्या दाराला चिकटवा. शेवटची ओळ जरा ठळक असू द्या: "हा संदेश आपोआप पाठविण्यात आला आहे, कृपया यास उत्तर देऊ नये."